राखाडी रकाना

माणसाचा सगळा इतिहास म्हणजे एकाने दुसऱ्याला ‘तू बस, तू दमलायस’ असं प्रेमाने सांगायचं आणि तो बसला की त्याच्या वाट्याचं सगळं उचलून न्यायचं, याचा इतिहास आहे. हे वाक्य मी परवाच्या रविवारी, साउथहॅम्प्टनच्या आमच्या घरात, बैठकीच्या खोलीत मधोमध उभं राहून, उजवा हात वर करून म्हणालो.

“कमलाकर, बाजूला हो,” सुप्रभा म्हणाली. “टीव्ही दिसत नाहीये.”

मी बाजूला झालो. टीव्हीवर एक्सेलची शीट होती.

सुप्रभा माझी बायको. नागपूरला मेडिकलला आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे ती मला नावाने हाक मारते आणि माझं काही ऐकत नाही. एकतीस वर्षं तिने इथल्या इस्पितळात लोकांची बाळंतपणं केली. मी तेवढीच वर्षं एका अंधाऱ्या खोलीत बसून लोकांचे एक्स-रे वाचले. आता दोघंही रिटायर्ड आहोत.

शीट आमच्या चिरंजीवांची. अंबरीश बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कात प्रोग्राम मॅनेजर आहे. तो तिथे नेमकं काय करतो हे मला अकरा वर्षांत समजलेलं नाही, पण बाकीच्यांनी काय करायचं हे तो ठरवतो, एवढं नक्की. ऑगस्टमधल्या माल्टाच्या सुट्टीचं प्लॅनिंग फायनल करायला तो वरदाला आणि दोन्ही मुलींना घेऊन एम-थ्री महामार्गावरून आला होता. वरदा म्हणजे आमची सून. उर्वी अकरा वर्षांची, मायरा तीन. शिवाय बरोबर येणारे त्यांचे मित्र शार्दूल आणि निधी, आणि त्यांची दीड वर्षांची कस्तुरी. शार्दूल बागेत मायरा आणि कस्तुरीला सांभाळत होता, म्हणजे फोनवर बोलत होता. निधी सोफ्यावर होती. निधी आमच्या महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी आहे. हे लक्षात ठेवा, मी त्या वेळी विसरलो होतो.

शीटचं नाव ‘माल्टा फायनल व्ही ९’. प्रत्येक माणसाला एक उभा रकाना, प्रत्येक अर्ध्या तासाला एक आडवी ओळ. निळा म्हणजे समुद्र, पिवळा म्हणजे खाणं, लाल म्हणजे उत्सव आणि राखाडी म्हणजे आराम. अंबरीशचा रकाना गोधडीसारखा रंगीबेरंगी होता. कयाक, जीप सफारी, गुहांमधून बोट, स्नॉर्केलिंग, स्थानिक स्वयंपाकाचा क्लास. मंगळवारी एक स्पर्धाही होती. समुद्रावर एक लाकडी खांब आडवा काढतात, त्याला चरबी फासतात आणि त्यावरून पळत जाऊन टोकाचं निशाण पकडायचं असतं. बहुतेक जण निशाणाऐवजी समुद्र पकडतात. त्यापुढे अंबरीशने ‘सहभाग’ असं लिहिलं होतं. पुढचं प्रश्नचिन्ह वरदाने टाकलं होतं.

सुप्रभाचा रकाना वरपासून खालपर्यंत राखाडी होता. आठही दिवस. साउथहॅम्प्टनचा नोव्हेंबर गुंडाळून उभा करून ठेवावा तसा. मधेमधे बारीक अक्षरांत काही नोंदी होत्या. साडेसात, पोहे, सगळ्यांना. साडेबारा, वरणभात, मुलींना. चार, मुली झोपून उठतील.

माझाही रकाना राखाडीच होता. त्यात रोज एकच नोंद होती, ‘कपडे वाळत’. माझं ते वाक्य हे वाचल्यावर तयार झालं होतं.

आता बाल्कनीचं सांगायला हवं, कारण भांडण बाल्कनीवरून झालं.

सुप्रभाच्या वॉर्डात डोलोरेस नावाची सिस्टर होती, माल्टाची. आभाळ कोसळो, ऑगस्टमध्ये डोलोरेस दोन आठवडे गावी जायचीच, कारण गावच्या संताचा उत्सव. आणि आभाळ कोसळो न कोसळो, ऑगस्टमध्ये सुप्रभा वॉर्डातच असायची. कारण बाकीचे डॉक्टर शाळांना सुट्टी म्हणून मुलांना घेऊन स्पेनला जायचे, आणि रोटा, म्हणजे ड्युट्यांचा तक्ता, लावणारा दरवर्षी तेच म्हणायचा, “यू डोन्ट माइंड, डू यू?” आम्हीही दरवर्षी तेच म्हणायचो, की नाही, अजिबात नाही. या देशात आम्ही सगळ्यात आधी तेच शिकलो होतो.

डोलोरेस परतायची ती बदामाच्या चिक्कीसारख्या मिठाईचा डबा घेऊन, आणि मग चहाच्या सुट्टीत सांगायची. सकाळी आठला गाव हलवणारे बार उडतात. संध्याकाळी संताची मूर्ती खांद्यावरून निघते, पुढेमागे बँड. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना बाल्कन्या, आणि प्रत्येक बाल्कनीतून लोक पोतीच्या पोती कागदाचे कपटे खाली ओततात, इतके की रस्ता दिसेनासा होतो. “तू ये एकदा, डॉक्टर,” ती म्हणायची. “माझ्या बाल्कनीत उभी करते तुला.” सुप्रभा म्हणायची, “पुढच्या वर्षी.” एकतीस वेळा म्हणाली.

फेब्रुवारीत डोलोरेसचा फोन आला. ती आता बाहत्तरची आहे. घर विकलंय, सप्टेंबरात मुलीकडे राहायला जाणार. “या ऑगस्टला आलीस तर बाल्कनी आहे. नंतर तिथे कोण उभं राहील मला माहीत नाही.”

सुप्रभा हो म्हणाली. मग तिने पोटमाळ्यावरून एक फाइल काढली. तिच्या सगळ्या ऑगस्टचे रोटा तिने जपून ठेवले होते. का, हे मी कधी विचारलं नव्हतं. मार्चपासून ती रोज संध्याकाळी बातम्या बघत ते कात्रीने कापत होती. बोटाच्या पेराएवढे तुकडे. दोन उशांचे अभ्रे भरले होते.

एवढं सगळं चाललेलं असताना तिने एकच चूक केली. फॅमिली ग्रुपवर लिहिलं, ‘ऑगस्टमध्ये माल्टाला जाते आहे.’ चार मिनिटांत अंबरीशचं उत्तर आलं. ‘आई, यू जस्ट रिलॅक्स. लीव्ह इट टू मी.’

तर रविवारी सुप्रभाने चष्मा लावला. वॉर्डात एखाद्या ज्युनिअरने घोळ घातला की ती आवाज चढवत नसे, उतरवत असे. घरात मी तो आवाज फार थोड्या वेळा ऐकलाय, आणि प्रत्येक वेळी चूक माझी होती.

“अंबरीश, शनिवारचा तो लाल चौकोन मोठा कर.”

त्याने केला. ‘डोलोरेस आंटींची बाल्कनी. कपॅसिटी सहा.’ खाली नावं होती. अंबरीश, वरदा, उर्वी, शार्दूल, निधी, होस्ट.

“होस्ट म्हणजे कोण?”

“डोलोरेस आंटी.”

“म्हणजे तिला तिच्या बाल्कनीत जागा मिळाली.”

“आई, ऑब्व्हियसली.”

“बरं झालं. आणि मी?”

“तू व्हिलावर. मायरा आणि कस्तुरीबरोबर. तिथे एसी आहे, शांतता आहे, बाबा आहेत.”

“बाबा आहेत हे तू फायद्यांत धरलंयस?”

कोणी हसलं नाही. मी जरा हसलो, मग थांबलो.

“आई,” वरदा समजुतीच्या सुरात म्हणाली, “तिथे बेचाळीस पायऱ्या आहेत. लिफ्ट नाही. अंबरीशने सगळं चेक केलंय. गर्दी असणार, फटाके असणार. तुमच्या गुडघ्यांना ते झेपणार आहे का? आम्हाला तुमचीच काळजी आहे.”

“चेक केलं म्हणजे कसं?”

“मी फोन केला ना डोलोरेस आंटींना,” अंबरीश म्हणाला. “मागच्या आठवड्यात. पायऱ्या विचारल्या, कपॅसिटी विचारली.”

“आणि तिला काय सांगितलंस?”

“की तुला यायला जमणार नाही. गुडघ्यांमुळे. आम्ही पाच जण येऊ. त्या खूप छान बोलल्या, आई. त्यांना वाईट वाटलं.”

मागच्या बुधवारी डोलोरेसचा मेसेज आला होता. ‘समजू शकते गं. पाय वर घेऊन बस. तुझ्यासाठी मेणबत्ती लावते.’ आम्हाला वाटलं, बिचारीला विस्मरण व्हायला लागलं. सुप्रभाने दोन दिवस तिच्यासाठी हळहळण्यात घालवले होते, आणि मी इंटरनेटवर स्मृतिभ्रंशाची लक्षणं वाचली होती.

“माझ्या वतीने तू नाही म्हणालास,” सुप्रभा म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की बागेतला शार्दूल ऐकू येऊ लागला. “एकतीस वर्षं मी तिला पुढच्या वर्षी म्हणत आले. कधी नाही म्हटलं नाही. ते तू म्हणालास, मला न विचारता. आणि माझ्या जागी स्वतः जाऊन उभा राहणार आहेस, फोटो काढायला.”

“दॅट्स नॉट फेअर,” अंबरीश उठला. त्यालाही राग आला होता, आणि त्याचा राग अगदीच खोटा नव्हता. “चार महिने मी हे करतोय. नऊ व्हर्जन झाली. फ्लाइट, व्हिला, कार सीट, मायराची नट ॲलर्जी. कोणी एकदा थँक यू म्हणालं? आणि गुडघे मी इन्व्हेंट केले का? चार वर्षं तू सांगतेयस गुडघे दुखतात. प्रत्येक फंक्शनला. डेटा तूच दिलायस, आई.”

सुप्रभाने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. पडदे धुवायला झाले होते.

हे थोडं उलगडून सांगायला हवं. आमच्या मराठी माणसांत ‘मला यायचं नाही’ हे वाक्य कोणी कोणाला तोंडावर बोलत नाही. नोकरीत असेपर्यंत आपण ऑन-कॉल असतो, आणि रिटायर झालो की आपले गुडघे दुखतात. हृदय म्हटलं तर लोक घाबरून घरी येतात, पोट म्हटलं तर काय खाल्लं विचारतात. गुडघ्याला कोणी काही विचारत नाही. ‘हो का, जपा’ म्हणतात आणि पुढच्या घरी फोन करतात. सुप्रभाचे गुडघे चार वर्षं दुखत होते, ते फक्त मंडळाच्या कार्यक्रमांच्या दिवशी. एरवी ती रोज सकाळी कॉमनवर, म्हणजे गावच्या मोठ्या मैदानावर, तीन मैल चालून येते. त्या गुडघ्यांचे एक्स-रे मी स्वतः पाहिलेत. नकार देण्यापलीकडे त्यांच्यावर कसलाही भार पडलेला नाही.

अंबरीशला हे माहीत नव्हतं. निधीलाही नव्हतं, आणि निधी समोर बसली होती. म्हणजे सुप्रभापुढे दोनच वाटा होत्या. गुडघे सांभाळायचे नाहीतर बाल्कनी.

“माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही,” सुप्रभा म्हणाली. “कधीच झालेलं नव्हतं.”

निधीने हातातली बशी टीपॉयवर ठेवली.

“संक्रांतीच्या हळदीकुंकवाला?” तिने विचारलं.

“ठणठणीत होते.”

“दिवाळी पहाटला?”

“ठणठणीत.”

“माझ्या डोहाळजेवणाला, काकू?”

“त्या दिवशी मी चार मैल चालले होते.”

“पण का?” निधी म्हणाली. तिचा चेहरा खरंच पडला होता. “आम्ही तुम्हाला किती मानाने बोलावतो. पहिल्या रांगेत बसवतो.”

“म्हणूनच,” सुप्रभा म्हणाली, आणि आता मात्र आवाज चढला, चार वर्षांचा साठलेला. “हात धरून आत नेता, जसं काही मी काचेची आहे. पहिल्या रांगेत, स्पीकरच्या तोंडाशी बसवता. उठले की चार जणी धावतात, काकू, काय हवं, तुम्ही बसा. पाणीसुद्धा मला उठून घेऊ देत नाही. आणि जेवताना श्रीखंडाच्या वाटीपलीकडून एकेक जण आपला फायब्रॉइडचा रिपोर्ट पुढे करते. मी तिथे एक तर देव्हाऱ्यात असते नाहीतर ओपीडीत. मला नाचायचं असतं गं कधीतरी. ते सोड. मला निदान खुर्च्यांच्या मागे उभं राहून तुमच्या भाषणांना नावं ठेवायची असतात.”

“ते मी करतो,” मी म्हणालो.

“तू गप्प बस.”

मग ती उठली आणि जिन्याकडे गेली. आमच्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत. “मोजा,” ती म्हणाली आणि चढली. कठड्याला हात न लावता खाली आली. पुन्हा चढली. कोणी मोजत नव्हतं, सगळे नुसते बघत होते. उर्वी मात्र चढतीच्या पायऱ्या मोजत होती, मोठ्याने, इंग्रजीत. चौथ्यांदा सुप्रभा वर पोचली तेव्हा बावन्न झाल्या होत्या. ती वरूनच बोलली, अजिबात न धापता.

“डोलोरेसकडे बेचाळीस आहेत ना? दहा जास्त झाल्या. त्या तुम्ही घ्या.”

“आई, प्लीज खाली या,” वरदा म्हणाली. “ओके. तुम्ही बाल्कनीत या. मग एक जण कमी करावा लागेल. आणि मुलींना कोण बघणार?”

“ज्यांनी त्यांना जन्म दिला ते. तुझ्या दोन्ही बाळंतपणांना मी हजर होते. तूही होतीस, हे मला चांगलं आठवतंय.”

वरदाने ओठ घट्ट मिटले. तिला बोलायचं खूप होतं. बेसिंगस्टोकला पोचेपर्यंत अंबरीशला ते सगळं ऐकावं लागलं असणार.

“आणि एक कमी नाही,” सुप्रभा खाली येत म्हणाली. “पाचही जण कमी. बोलावणं मला होतं. बाल्कनीत डोलोरेस आणि मी. तुम्ही सगळे खाली रस्त्यात, मुलींना घेऊन. सगळं गाव तिथेच उभं असतं.”

“आजी, बट मी माझा जागा नाही देणार,” उर्वी म्हणाली. ती इथेच जन्मली, तिच्या मराठीत वस्तू सोयीप्रमाणे पुरुष किंवा बाई होतात.

“नको देऊस. तुझी जागा रस्त्यात आहे. मी वरून तुझ्या डोक्यावर दोन अभ्रे भरून कागद ओतणार आहे.”

उर्वीने विचार केला. “ओके. दॅट्स ॲक्चुअली बेटर.”

सुप्रभाने तिथेच, सगळ्यांसमोर, डोलोरेसला फोन लावला. “डोलोरेस, मी येतेय. माझा मुलगा तुला जे बोलला ते चूक होतं.” अंबरीशने तोंड उघडलं. तिने हाताने त्याला थांबवलं. “नाही, तो खोटं बोलला नाही. खोटं मी बोलले होते, दुसऱ्यांशी. भेटल्यावर सांगते. हो, बाल्कनीत एकटीच.” मग पलीकडून माझ्याबद्दल काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तिने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “बघते.”

अंबरीश लॅपटॉपपाशी बसला आणि त्याने शनिवारच्या चौकोनातून नावं काढायला सुरुवात केली. एकेक बटण तो असं दाबत होता, जसं त्या बटणानेच त्याची बाल्कनी घेतली होती. टीव्हीवर आम्हाला ते दिसत होतं. शार्दूल गेला, निधी गेली, उर्वी, वरदा. स्वतःच्या नावावर तो जरा थांबला, मग तेही गेलं. त्याने सुप्रभाचं नाव लिहिलं आणि तिच्या रकान्यातला तेवढा तुकडा लाल केला. बाकीचा राखाडी तसाच होता.

“सगळा,” सुप्रभा म्हणाली.

“सगळा म्हणजे?”

“राखाडी सगळा काढ. आठही दिवस. आणि पोह्यांपुढे तुझं नाव लिही. तुला येतात. मी शिकवलेत.”

त्याने काढला. रकाना पांढरा झाला. “थँक यू” असं मीच म्हणालो, कुणी तरी म्हणायला हवं म्हणून. दोघांनीही माझ्याकडे रागाने पाहिलं. तेवढं एकमत त्या दुपारी पहिल्यांदाच झालं.

चहा कोणी नीट घेतला नाही. पाच वाजता सगळे निघाले. अंबरीशने गाडीत बसण्याआधी नेहमी करतो तसा नमस्कार केला, पण सुप्रभाच्या पायांकडे न पाहता. शार्दूलने बागेतून येऊन विचारलं की काय फायनल झालं.

शेवटी निधी राहिली. कस्तुरीला कडेवर घेऊन ती दारात बूट चढवत होती. सुप्रभा दार धरून उभी होती, मान ताठ, गाल लाल, चाळीस वर्षांनी तरुण. मला वाटलं, निधी आता काहीतरी लागट बोलणार, आणि तिचा तो हक्कही होता.

पण निधी शांत होती. फोनवर तिने कसलीतरी यादी उघडली होती.

“काकू,” ती म्हणाली, “मंडळाचं सामान त्या हॉलच्या पोटमाळ्यावर पडलंय, आणि हॉलवाल्यांनी महिनाअखेर रिकामा करायला सांगितलाय. शिडी जरा उभी आहे, आणि सगळ्याच म्हणतायत त्यांचे गुडघे दुखतात. तुम्ही शनिवारी सकाळी नऊला याल का?”